आधी वजन करू, मग ठराव करू

प्रति,
व्यवस्थापक समिती आणि सर्व सभासद,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फलकावर वार्षिक सभेची विषयपत्रिका लागली आहे. तिच्यातला नववा विषय असा: 'गच्चीवरील सर्व कुंड्या, माती, हिरवळ व तत्सम साहित्य पंधरा दिवसांत हटवणे व यापुढे गच्चीवर माती नेण्यास कायमची मनाई करणे.' यातलं 'तत्सम साहित्य' म्हणजे बहुतेक मी. ए विंगच्या गच्चीवर, माझ्याच झोपायच्या खोलीच्या डोक्यावर, दहा बाय बारा फुटांचं जे हिरवं छप्पर, म्हणजे पातळ मातीच्या थरावर वाढवलेली झाडं, गेली तीन वर्षं आहे ते माझं. त्या वेळच्या समितीने तोंडी परवानगी दिली होती. ती लेखी घेतली नाही ही माझी चूक. एकतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या बाईकडून ती व्हायला नको होती.

सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट 'ऐकू येत नाही, माइक जवळ धरा' यात जातं. म्हणून हे पत्र. ते आपल्या ग्रुपवर टाकते आहे आणि बाहेरच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, कारण हीच भांडणं पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमध्ये चालू आहेत.

आधी गळतीचं बोलू. जुलैत बी विंगच्या वरच्या मजल्यावर छत गळलं. त्यांच्या पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर पाणी पडत होतं, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. त्यांचा राग रास्त आहे. पण माझी माती ए विंगवर आहे. मधे जिना आहे, लिफ्टची खोली आहे आणि दोन्ही गच्च्यांचे उतार एकमेकांकडे पाठ करून आहेत. बी विंगवर एक कुंडीसुद्धा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग बी विंगवर आहे काय? पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या खाचेत हातभर उंचीचा पिंपळ आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेला, कोणी न लावलेला. त्याला मातीही लागत नाही, चुन्याची एक भेग पुरते. गेल्या वर्षी मी तो चिमटीएवढा असताना दाखवला होता, पण पिंपळ उपटायला कोणी पुढे येईना. माळीदादा म्हणाले, आम्ही नाही हात लावणार. सेक्रेटरी म्हणाले, शनिवार आहे. तो शनिवार अजून संपलेला नाही. शिवाय तिथे तीन जुन्या डिश अँटेनांचे पाय आणि सोलर बंबाचं एक स्टँड थेट कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या थरात, भोकं पाडून बोल्टने आवळलेलं आहे. कोब्यात घुसलेला प्रत्येक बोल्ट म्हणजे पाण्याला दिलेलं निमंत्रण. विषयपत्रिकेत मात्र ना पिंपळ आहे, ना बोल्ट.

माझ्या मातीवर आळ आला म्हणून ही सगळी ओरड, असं कोणी म्हणेल. म्हणून उलटी बाजूही मीच सांगते. मातीने छप्पर खाली येऊ शकतं. हे मला या सोसायटीतल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझं आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, किल्लारीकडचं. तिथली जुनी घरं माळवदाची. खानदेशात ज्याला धाब्याचं घर म्हणतात तोच प्रकार. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर आडव्या फळ्या-काटक्या, त्यांवर पाला आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर. ही माती साधी नव्हे, गावच्या जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची. ती पाणी खाली जाऊ देत नाही अशी पक्की समजूत, आणि अनुभवही तसाच. छताला मधोमध सवणं, त्यातून उजेडाचा एक गोल खाली यायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. मे महिन्यात बाहेर डोळे उघडवत नसत, आत मात्र घोंगडी अंथरली की झोप लागायची. पंखा नव्हताच. श्रावणात माळवदावर गवत उगवायचं. मामा ते मुळासकट उपटायचे, कारण मूळ वाळून कुजलं की त्याच वाटेने पाणी खाली उतरतं. आणि दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती टोपल्यांनी वर जायची, पसरली जायची, धोपटली जायची. घर गळायचं नाही ते या राखणीमुळे.

पण एक गोष्ट कोणी करत नव्हतं. दर वर्षी टोपल्या वर चढायच्या, खाली एकही उतरायची नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी कमरेला लागायच्या बेतात. घर गळू नये म्हणून केलेली माया खांबांच्या डोक्यावर साठत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटून चार वाजायला आले असताना, किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकडा जवळपास आठ हजारांचा आहे. आमच्या आजोळचं घर त्यातच गेलं. त्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही.

तेव्हा 'माती चांगली, निसर्ग चांगला, वर टाका' असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. गच्चीवर मातीचं घमेलं चढताना दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो किती किलोंचा.

मी इंजिनिअर नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, इंजिनिअरांनी केलेले हिशेब कागदावर मापात बसवणारी. त्यामुळे भार म्हणजे काय हे नजरेला सवयीचं आहे. ज्या सपाट गच्चीवर माणसं जातात-येतात तिच्यावर किती वापरभार धरायचा, हे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे: चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. जिथे फक्त दुरुस्तीपुरतं कोणी चढतं तिथे त्याच्या निम्मं. या दीडशेतच तुमची कोजागरी बसते, कुरडयांच्या खाटा बसतात, आणि हिरवळ करायची म्हटली तर तीही.

आता हे बघा. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा उथळ ट्रे घ्या, भाजीवाल्यांकडे असतो तसा. त्यात दहा सेंटिमीटर काळी माती भरा आणि पाणी निथळेपर्यंत भिजवा. काट्यावर तो चाळीस किलोंच्या वर भरतो. चौरस मीटरला १८० च्या आसपास झाले. म्हणजे नुसत्या चार बोटं मातीने हद्द ओलांडली, वर माणूस अजून उभा राहिलेलाच नाही. त्याच ट्रेमध्ये कोकोपीट, विटांचा चुरा, चाळलेलं शेणखत आणि थोडीशीच माती असं मिश्रण आठ सेंटिमीटर भरलं तर तो भिजून बावीस-तेवीस किलोंचा होतो. चौरस मीटरला ९५ च्या आसपास. माझं छप्पर या दुसऱ्या हिशेबावर उभं आहे, आणि तिथे मी चार माणसांना एकत्र उभं राहू देत नाही. वजन नेहमी भिजल्यावरचं घ्यायचं. कोरड्या वजनाचा उपयोग काही नाही.

हा हिशेब तुमच्याच एका कामाला लावून पाहते, रागावू नका. चार वर्षांपूर्वी ए विंग गळत होती तेव्हा आपण एका ठेकेदाराला बोलावलं. जुना कोबा खरवडायचा खर्च वाचावा म्हणून त्याने जुन्यावरच नवा चार इंचांचा विटांचा कोबा घातला. कोब्यावर कोबा. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो, आणि तो पूर्ण गच्चीवर, कायमचा. चौरस मीटरच्या हिशेबाने माझ्या हिरव्या तुकड्याच्या दीडपट ते दुप्पट वजन आपण एका रविवारी टाळ्या वाजवून मंजूर केलं. कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर किल्लारीची! त्या रात्री मला मामांच्या टोपल्या आठवल्या आणि झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तेव्हाच्या अध्यक्षांना म्हटलं की इमारतीची संरचना तपासणी करून घेऊ. ते म्हणाले, काकू, बिल्डिंग मजबूत आहे, जुन्या काळचं काम आहे.

आपली इमारत तिशीला टेकली आहे. गृहरचना संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचना तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी, तीस ओलांडल्यावर तीन वर्षांतून एकदा. आपली शेवटची कधी झाली? कोणाच्या घरी अहवाल असेल तर दाखवा. नववा विषय मांडण्याआधी हा विषय पहिला हवा होता. तपासणी करणाऱ्याने माझा तुकडा काढा म्हटलं, तर मी पंधरा दिवस घेणार नाही. दोन दिवसांत स्वतः खाली उतरवीन.

आता थोडं माझ्या चुकांबद्दल. यंदा आपल्यातल्या चार-पाच घरांनी 'आम्हालाही शिकवा' म्हटलंय, त्यांना उपयोग होईल.

पहिल्या वर्षी मी गावाकडून काळी माती आणवली. भावना! ती पावसात फुगली, उघडीप पडली की भेगाळली, आणि भिजल्यावर तिचं वजन पाहून माझी मीच घाबरले. दिवाळीपूर्वी सगळी गोण्यांत भरून खाली आणली. तुमच्यातल्या दोघांनी गोण्या उतरवायला मदत केली होती, ते आठवत असेल. त्याच वर्षी मातीखाली गाळणी म्हणून जुन्या सुती साड्या अंथरल्या. एका पावसाळ्यात कुजल्या. माती खालच्या निचऱ्यात उतरली, निचरा तुंबला, आणि दोन दिवस तिथे डबकं झालं. तेव्हा समितीने नोटीस काढली असती तर मी मान खाली घालून घेतली असती.

आता जे आहे ते असं. आधी कोब्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला, मग पावसाच्या पाइपाचं तोंड बंद करून, चारी बाजूंनी बांध घालून पाणी तीन दिवस कोंडून ठेवलं. खाली माझ्याच खोलीत छताला खडूने चौकोन आखले होते आणि रोज हात फिरवून पाहिला. ओल आली नाही, मगच पुढे. लेपावर शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा जाड प्लास्टिकचा कागद, एका सलग तुकड्यात, कडा वर वळवलेल्या. मुळं खाली जाऊ नयेत म्हणून हा. हिरव्या छपरात खरं काम हा कागद करतो, झाडं नुसती मिरवतात. त्यावर पाणी वाहून जायला प्लास्टिकच्या जाळीदार फरश्या, त्यावर पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड (साडी नव्हे!), आणि त्यावर ते हलकं मिश्रण. कठड्यापासून आणि पाइपाच्या तोंडापासून चारी बाजूंनी फूटभर जागा मोकळी, तिथे फक्त खडी. पाइपाचं तोंड कोणत्याही क्षणी डोळ्यांना दिसलं पाहिजे आणि हाताला लागलं पाहिजे. हा फूटभर पट्टा ज्याने झाडाच्या लोभापायी भरला, त्याचं छप्पर गळणार हे मी लिहून देते.

माती आली की गळती आलीच, असं सेक्रेटरी म्हणतात. झुरिक शहरात तळ्याचं पाणी गाळायचा एक कारखाना १९१४ साली बांधला. आतलं पाणी थंड राहावं म्हणून काँक्रीटच्या छपरावर वीतभर माती टाकली. त्यावर आपोआप कुरण झालं, आणि भोवतालच्या शेतांतून नाहीशी झालेली ऑर्किडं आजही त्या छपरावर फुलतात. त्याच्या मातीखालच्या थराने पाऊणशे वर्षांहून जास्त काळ पाणी अडवलं. कारण सरळ आहे. लेप मरतो तो उन्हाने. दुपारी भाजतो, रात्री आकसतो, असं वर्षानुवर्षं चाललं की तडकतो. मातीच्या सावलीत त्याला ना ऊन लागत, ना तो रोज ताणला जात.

पण झुरिकची झाडं इथे आणू नका. रोपवाटिकेवाले 'सेडम' या जाड पानांच्या बुटक्या झाडांचे ट्रे दाखवतात, परदेशी फोटो दाखवतात. माझे सेडम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुजले. आपला गुरू जवळ आहे, साताऱ्याच्या वर. कासचं पठार काय आहे? जांभ्याच्या कातळावर काही इंचांची माती, खाली मुळांना वाट नाही, चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने ऊन. म्हणजे निसर्गाने केलेली गच्चीच की! तिथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं या दिवसांत फुलतात आणि दिवाळीनंतर सगळं पिवळं पडून बी मातीत झोपी जातं. कोकणात अशा जागेला सडा म्हणतात. तिथून काडीही आणायची नाही, ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे आणि नसती तरी आणायची नाही. पण रीत घ्यावी. माझ्याकडे बांधावरून मिळालेल्या बियांचा तेरडा आहे, कुर्डू आहे, केना आहे. घोळ तर न बोलावता आली. ऑफिस टाइमची रोपं कडेने पसरली आहेत. पानफुटी, कोरफड आणि भरपूर दूर्वा. पाणी मी फक्त फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा, भाजी धुतलेलं घालते.

उन्हाळ्यात ते पिवळं आणि उजाड दिसतं, हे खरं. मे महिन्यात पाहुण्यांना गच्ची दाखवायला नेलं तर लाज वाटते, अशी तक्रार वहीत आहे. वर्षभर हिरवं हवं असेल तर रोज पाणी लागेल, आणि एप्रिलमध्ये टँकरचे पैसे कोण भरतं ते आपल्याला माहीत आहे. सडा पिवळा पडतो. गच्चीनेही पडावं. वाळलेलं गवत मी मार्चमध्ये विळ्याने कापून खाली खताच्या खड्ड्यात टाकते, म्हणजे कोणाच्या विडीची ठिणगी पडली तरी भीती नको. (गच्चीवर विडी-सिगारेट ओढायला मनाई आहे. थोटकं मोजायची असतील तर बी विंगच्या टाकीमागे जा.)

डासांचंही तसंच. महापालिकेचे लोक डेंग्यूच्या पाहणीला आले तेव्हा त्यांना अळ्या सापडल्या त्या कुंड्यांखालच्या बशांमध्ये, एका टाकून दिलेल्या टायरमध्ये आणि गच्चीवर पालथ्या न घातलेल्या बादलीत. साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. ज्या मातीतून पाणी निथळून जातं तिथे त्याला घर मिळत नाही. बशा काढा, या ठरावाला माझा हात पहिला वर.

आता माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना चार शब्द. ग्रुपवर हिरव्या हृदयांची चिन्हं टाकणाऱ्या मंडळींनो, तुम्ही मला जास्त अडचणीत आणता. सी विंगच्या गच्चीवर निळे पिंप अर्धे कापून त्यांत आंबा, चिकू आणि शेवगा लावलाय. अर्ध्या पिंपात शंभर लिटर माती. भिजली की पावणेदोनशे-एकशेनव्वद किलो, आणि ते टेकतं कुठे, तर दोन फूट व्यासाच्या गोलावर. चौरस मीटरच्या हिशेबाने सहाशेवर जातं! अशी सात पिंपं एका ओळीत, स्लॅबच्या नेमक्या मध्यावर, जिथे स्लॅब सर्वात जास्त वाकते तिथे. ती निदान खांबांच्या डोक्यावर, तुळईच्या रेषेत तरी सरकवा, आणि तेही इंजिनिअरला दाखवून. आंबा तर खालीच हवा. ज्यांना लॉन हवंय, त्यांनी मला विचारूच नये.

आणि थंडाव्याचा दावाही बेताने करा. माझी खोली पूर्वी एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजतासुद्धा तव्यासारखी असायची. छताला हात लावला की चटका नाही, पण ऊब जाणवायची. आता तसं होत नाही, मी कूलर बंद केलाय. पण फक्त थंडावाच हवा असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे किंवा दर वर्षी चुन्याचा हात यानेही पुष्कळ काम होतं, कमी पैशात आणि जवळजवळ काहीच वजन न वाढवता. ज्यांना मातीची कटकट नको त्यांनी ते करावं. सगळ्या गच्चीवर हिरवं करा असं मी म्हणतच नाही.

पाण्याचं मात्र पांढऱ्या रंगाने होत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपली गच्ची साडेचार हजार चौरस फुटांची, म्हणजे चारशे अठरा चौरस मीटर. वळवाच्या एका सरीत वीस मिलिमीटर पडला की आठ हजार लिटरच्या वर पाणी दहा मिनिटांत फाटकाबाहेरच्या गटारात. माझ्या तुकड्यावरची सर मात्र माती पिते. पहिल्या सरीला पाइपातून थेंब येत नाही, नंतर हळूहळू झिरपतं. पण इथेही फुशारकी नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात जे केलं, तसल्या पावसात आधीच भिजलेली आठ सेंटिमीटर माती काहीही अडवत नाही. ओढा ओढ्याच्या जागी वाहू देणं हाच त्यावर इलाज, आणि तो आपल्या सभेच्या अधिकारात नाही.

माझी मागणी काय आहे ते आता लिहिते. नववा विषय या सभेत मतदानाला घेऊ नये. आधी संरचना तपासणी व्हावी, तिन्ही विंगची, कोब्यासकट आणि पिंपांसकट. तिच्यात गच्चीच्या प्रत्येक भागावर अजून किती किलो चालतील हे आकड्यात लिहून घ्यावं. शून्य आलं तर शून्य. ते आकडे गच्चीच्या दारावर रंगाने लिहावेत. त्या आकड्यात बसेल, पाणी कोंडून चाचणी झालेली असेल, मूळ अडवणारा थर असेल आणि फूटभर पट्टा मोकळा असेल, तर परवानगी लेखी द्यावी. पिंपळ मात्र तपासणीची वाट न बघता उद्याच काढावा. मी काढते, पाप मला लागू दे. मुळाचा तुकडा आत राहिला तर तो पुन्हा फुटतो, म्हणून कठड्याची ती खाच फोडावी लागेल. त्यासाठी गवंडी द्या.

आणि एक अट मीच घालते, माझ्यावर. परवानगी एका वर्षाची असावी, आणि तिच्यावर एका माणसाची सही असावी. सात जूनच्या आत त्या माणसाने पाइपाची तोंडं साफ केली, आगंतुक रोपं उपटली, थराची जाडी पट्टीने मोजून वहीत लिहिली, तर पुढचं वर्ष. जाडी मागच्या वर्षापेक्षा वाढली असेल तर वरचा थर खाली उतरवायचा, खत घातलं ही सबब चालणार नाही. सही करायला माणूस नसेल त्या वर्षी माती खाली. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. गुडघे आत्ताच कुरकुरतात. उद्या मी नसले आणि माझ्या जागी कोणी सही केली नाही, तर भावनेपोटी 'काकूंची आठवण' म्हणून ते वर ठेवू नका. कागद, जाळ्या, माती सगळं दोन माणसं एका दिवसात उतरवू शकतात. तसंच मांडलंय मुद्दाम.

समितीवर माझा वैयक्तिक राग नाही. परवाच्या गणपतीत अध्यक्षांच्या घरून एकवीस दूर्वांची जुडी न्यायला मुलगा आला होता, सेक्रेटरींच्या घरी गौरीला तेरडा गेला. दोन्ही विषय क्रमांक नऊमधूनच उपटलेलं होतं. पुढच्या वर्षीही पाठवा मुलाला, ठराव काहीही झाला तरी.

सभा रविवारी दहा वाजता आहे. त्याच दिवशी सकाळी सात वाजता मी ए विंगच्या गच्चीवर असेन. भंगारवाल्याकडून शंभर किलोंचा ताणकाटा आणला आहे, आणि दोन ट्रे, एक काळ्या मातीचा आणि एक माझ्या मिश्रणाचा, आदल्या रात्री भिजवून ठेवते. सी विंगच्या पिंपवाल्यांनी आपल्या मातीची एक बादली घेऊन यावी. कोबा घालणाऱ्यांना पाठिंबा दिलेल्यांसाठी जुन्या कोब्याचा एक ढेकूळही ठेवला आहे. चहा मी आणीन. येताना दोघं-तिघं मिळून या, भिजलेला ट्रे एकट्याने काट्याला अडकवता येत नाही.

आपली,
ए विंग, सर्वात वरचा मजला